झेंड्यापर्यंत

प्रेमराज सरांना लकवा मारला तो शाळेच्या मैदानावर. दिवाळीची सुट्टी संपून पोरं नुकतीच परत आली होती, खो-खोचा सराव चालला होता. सरांच्या हातातली शिट्टी खाली पडली. ती उचलायला ते वाकले आणि वाकलेले तसेच कलंडले. जळगावच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा होता, जीभ जड झाली होती. मनात सगळं असायचं, डोळ्यांत ते दिसायचंही. पण ओठांपर्यंत यायचा एखादाच शब्द, आणि तोही घामाघूम होऊन.

त्यांची बायको कोकिळा दवाखान्यात रडली नाही. घरी निघताना डॉक्टर म्हणाले होते, "पहिल्या वर्षात सुधारेल तेवढं खरं. नंतर वेग कमी होतो." बाकीच्यांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. कोकिळानं मात्र ते वाक्य घट्ट धरलं.

ती होतीच तशी. मुलगा योगेंद्र मांडीवर असताना तिनं मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं होतं, कणीक मळता मळता पाठांतर करून. पिंप्राळ्यातलं घर बांधताना भिंतींवर पाणी मारायला माणूस मिळेना, तर भर उन्हाळ्यात तिनं स्वतः बादल्या वाहिल्या. नात्यागोत्यात तिचं नाव निघालं की लोक म्हणायचे, चिकाटी घ्यावी तर कोकिळाची. हे ऐकायला तिला आवडायचं. आयुष्यात तिला हाती घेतलेलं काम कधी सोडून द्यावं लागलं नव्हतं, आणि हेही एक कामच होतं. नवऱ्याला उभं करायचं.

योगेंद्र नाशिकला कंपनीत होता. त्यानं फोनाफोनी करून दिवसभरासाठी एक बाई लावून दिली. बाई कामाला बरी होती, पण दुपारी सर डोळे मिटून पडले की त्यांना पडू द्यायची. कोकिळानं महिन्याभरात तिला जायला सांगितलं.

"आई, तू एकटी कसं करणार?" योगेंद्रनं फोनवर विचारलं.

"मी आहे ना. बाहेरच्या माणसाला त्यात जीव नसतो रे."

मग राहिली ती फिजिओथेरपीवाली आयुषी. बाजारातल्या एका कापड दुकानदाराची मुलगी, वयानं लहान, पण हात कसलेला. एक दिवसाआड यायची. तिच्याच हाताखाली सर पहिल्यांदा पलंगावरून पाय खाली सोडून बसले, होळीच्या सुमाराला भिंत धरून उभे राहिले आणि उन्हाळ्यात चार पायांची काठी घेऊन पुढच्या खोलीतून ओट्यापर्यंत आले. त्या दिवशी गल्लीतल्या बायका जमल्या. कुणी तरी कोकिळाच्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, आता सोडायचं नाही, आता तर मुळीच नाही.

आयुषीनं सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास सांगितला होता. कोकिळा त्यात सकाळी उठल्या उठल्या एक फेरी घालायची, जेवणाआधी एक, दुपारी एक. मधल्या वेळात तेल, शेक, हाताची बोटं एकेक करून उघडणं. सर थकायचे. मान एका बाजूला टाकायचे. "चला, अजून एकदा," ती म्हणायची, "एकदाच." तिचं स्वतःचं जेवण उभ्या उभ्या व्हायचं, कधी व्हायचंच नाही. तिला कित्येक वर्षांची साखर होती. गोळ्यांचं पाकीट फ्रिजवर पडलेलं असायचं, आणि तिचा हात तिथवर पोचेपर्यंत आतून सरांचा आवाज यायचा.

एक दिवस आयुषीनं सरांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"काकू, गुडघा सुजलाय. काल किती चालवलंत काकांना?"

"तू सांगितलंस तेवढंच."

पलंगावरून सरांनी डावा हात उचलला आणि हवेत हलवला. नाही, नाही. आयुषीनं ते पाहिलं, कोकिळानंही पाहिलं.

"काकू, व्यायाम जेवढा औषध आहे तेवढीच त्यानंतरची विश्रांती. स्नायू पडून राहतो तेव्हाच भरतो." ती थांबली, मग म्हणाली, "आणि तुम्ही कशा दिसताय ते आरशात बघा एकदा. शुगर शेवटची कधी तपासली?"

"माझं काय. मी चालती-फिरती आहे."

"म्हणूनच विचारतेय. तुम्ही पडलात तर काकांचं कोण करणार? आठवड्यातून एक दिवस तरी कुणाला तरी बोलवा. तुम्ही फक्त झोपा."

कोकिळाला ते फार लागलं. रात्रंदिवस जीव काढायचा आणि काल आलेल्या पोरीनं झोपायला सांगायचं. ती म्हणाली, "आयुषी, तू शिकवलंस ते मला सगळं येतंय आता. उद्यापासून नाही आलीस तरी चालेल." आयुषीनं समजूत काढून पाहिली, मग पिशवी उचलली. जाताना ती सरांच्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. सरांनी तिचं मनगट धरलं होतं, ते तिला हळूच सोडवून घ्यावं लागलं.

जुलैत मुख्याध्यापक शालिग्राम सर भेटायला आले. चहा घेताना सहज म्हणाले, "पंधरा ऑगस्टला घेऊन या ना सरांना. पोरं फार आठवण काढतात. गाडीतून उतरले, खुर्चीत बसले तरी बास." त्यांनी सहज म्हटलं आणि कोकिळाच्या डोळ्यांपुढे चित्रच उभं राहिलं. खुर्चीत कशाला? शाळेच्या फाटकापासून झेंड्यापर्यंत सर चालत जातील. ज्या मैदानावर पडले त्याच मैदानावर. सगळी शाळा बघेल.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय राहिला नाही. ओट्याच्या कडेपासून गल्लीच्या तोंडापर्यंतचं अंतर साधारण तेवढंच भरत होतं. पाऊस नसला की ती त्यांना बाहेर काढायची, पाऊस असला की घरातल्या घरात. पाय आखडू नये म्हणून वीट चुलीवर तापवून, फडक्यात गुंडाळून शेक द्यायची. अशाच एका दुपारी ती जमिनीवर बसून सरांची पोटरी चोळत होती, आणि वीट तिच्या स्वतःच्या तळपायाला टेकली होती. किती वेळ, ते तिला कळलं नाही. साखरेनं तिचे पाय कधीचे बधिर होत आलेले. संध्याकाळी अंघोळीला गेली तेव्हा तळव्याला मोठा फोड दिसला. चप्पल चावली असेल, असं समजून तिनं हळद लावली आणि वरून मोजा घातला.

फोड फुटला. दुखत काहीच नव्हतं, म्हणून तिनं पुन्हा पाहिलं नाही. दिवसा मोजा, कधी ओला, कधी कोरडा. झोपताना काढायचं त्राण नसायचं.

त्याच दिवसांत सर बोलायला लागले. म्हणजे तिला तसं वाटलं. ती स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली आणि त्यांच्यापुढे बसली, तर सरांचा ओठ थरथरला, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या आणि शब्द आला, "पा… पाय."

कोकिळानं हातातला पेला खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"पाय." डाव्या हाताचं बोट खाली दाखवत होतं. "पाय. पाय."

"पाय हलवायचाय? चालायचंय?" इतके महिने तिनं ओढून ओढून चालवलेला माणूस आज आपणहून मागत होता. तिनं त्यांचा उजवा पाय मांडीवर घेतला आणि जोरजोरात चोळायला लागली. सर मान हलवत होते, बोट पुन्हा पुन्हा खाली नेत होते. तिला वाटलं, घाई झाली आहे त्यांना. "हो हो, चालूया, लगेच चालूया."

नंतर तर ते दिवसभर तोच शब्द धरून बसले. ती खोलीतून गेली की पाय, आली की पाय. संध्याकाळी योगेंद्रला फोनवर तिनं सांगितलं, "पप्पा बोलायला लागले रे. पाय म्हणतात." तिकडे योगेंद्रही खूश झाला. फक्त एक गोष्ट तिला उमगेना. तोंडानं पाय म्हणणारा माणूस उभं करायला गेलं की अंग ताठ करायचा, काठी धरायचाच नाही. ती मागून कमरेला धरून उचलायची, तर ते सगळं वजन पलंगावर टाकायचे. हट्टीपणा वाढला म्हणून ती चिडायची. एकदा तर खांद्याला धरून हलवलं तिनं त्यांना.

पंधरा ऑगस्टला सकाळी सरांना पांढरा शर्ट घातला, केस विंचरले. रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबली. आत पोरं रांगेत उभी होती. शालिग्राम सर खुर्ची घेऊन पुढे आले, तर कोकिळा म्हणाली, "खुर्ची नको. ते चालणार आहेत." तिच्या अंगात त्या दिवशी कणकण होती, डोकं हलकं झालं होतं, पण ते तिनं बाजूला सारलं.

सर काठी धरून उभे राहिले. समोर ओलं मैदान, पलीकडे झेंड्याचा खांब. त्यांनी मैदानाकडे पाहिलंच नाही. त्यांनी कोकिळाकडे पाहिलं, काठी सोडून दिली आणि डावा हात तिच्याकडे करून सगळ्या शाळेसमोर मोठ्यानं म्हणाले, "पाय. पाय. पाय."

काठी पडल्यावर त्यांचा तोल गेला. शालिग्राम सरांनी सावरून त्यांना खुर्चीत बसवलं. पोरांना वाटलं, सर काही बोलले, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सर खुर्चीत बसून रडत होते. जन गण मन झालं तेव्हाही रडत होते. कोकिळा बाजूला उभी होती आणि तिला कुठं बघावं ते समजत नव्हतं.

घरी आल्यावर ती कधी बोलली नव्हती ते बोलली. "माझ्या जिवाचं पाणी केलं मी. तुमच्यासाठी मी काय ठेवलं माझं? आणि तुम्हाला चार पावलं टाकवली नाहीत. मुद्दाम केलंत. माझी लाज घालवायची होती तुम्हाला." सर ऐकत राहिले. त्यांनी एकदा तोंड उघडलं, शब्द आला नाही, मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कोकिळाला वाटलं, आपणही जाऊन पडावं. पण संध्याकाळची फेरी राहिली होती. तिनं त्यांना उठवलं.

राखीपौर्णिमेला धुळ्याकडच्या कापडण्याहून सरांची मोठी बहीण तानुबाई आली. दारात चप्पल काढून ती भावाजवळ बसली, राखी बांधली, तोंडात पेढा घातला. मग तिनं नाकाला पदर लावला आणि इकडेतिकडे पाहिलं. खोलीत कसला तरी वास होता. रोज घरात असणाऱ्या कोकिळाला तो कधी आला नव्हता.

"कोकिळा, तुना पाय दखाड," तानुबाई म्हणाली.

"काही नही अक्का. चप्पल चावनी."

"दखाड म्हनस ना मी."

मोजा निघेना. कातडीला चिकटला होता. तानुबाईनं पाणी घालून घालून तो सोडवला. दोन बोटं काळी पडली होती. कोकिळा आपल्याच पायाकडे दुसऱ्या कुणाचा असावा तसं पाहत राहिली.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, साखर पाहिली आणि मान हलवली. "आठवडाभर आधी आल्या असत्या तर बोटांवर भागलं असतं," ते नाशिकहून धावत आलेल्या योगेंद्रला म्हणाले. तिला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं असावं. विष वर चढत होतं. गुडघ्याखाली पाय काढावा लागला.

सरांना एकटं ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून तानुबाई त्यांना कापडण्याला घेऊन गेली. जाण्याआधी ती दवाखान्यात येऊन कोकिळाच्या उशाशी बसली. ती रागावली नाही. रागावली असती तर कोकिळाला बरं वाटलं असतं.

"तुले कोनी सांगेल व्हतं इतलं कराले?" ती एवढंच म्हणाली. आणि मग थोड्या वेळानं, "भाऊ तं माले दारातच सांगे. पाय, पाय. हात तुनाकडे करे. म्हनीसन मन्हं ध्यान गयं."

कोकिळानं मान वळवली. "काय सांगे?"

"पाय म्हने. तुना पाय."

तानुबाई गेल्यावर कोकिळा छताकडे बघत पडून राहिली. मग ते सगळे दिवस एकेक करून तिच्यापुढे आले. खाली जाणारं बोट. ती नेहमी त्यांच्या पायाशीच बसलेली असायची, बोट कुणाच्या पायाकडे आहे ते पाहायचं तिला सुचलंच नव्हतं. आख्खा जन्म मैदानावर गेलेला माणूस. पोरगं लांबून चालत आलं तरी सर चालीवरून ओळखायचे की ह्याचा घोटा दुखतोय, आणि त्याला खेळातून बाहेर काढून सावलीत बसवायचे. त्यांनी तिची बदललेली चाल पहिल्याच दिवशी पाहिली असणार. जो एक शब्द त्यांना जमला तो त्यांनी तिच्यासाठी खर्च केला. तिला चालावं लागू नये म्हणून ते उभे राहायचे नाहीत. आणि तिनं त्यांना खांद्याला धरून हलवलं होतं.

ती रडली तेव्हा सिस्टर धावत आली आणि तिनं विचारलं, "दुखतंय का?" कोकिळानं नाही म्हणून सांगितलं. दुखत खरंच नव्हतं.

आयुषी भेटायला आली. तिनं सांगितलं असतं की मी म्हटलं नव्हतं का, तर तेही चाललं असतं. तिनं फक्त उरलेल्या पायाला क्रीम लावलं आणि बोटांच्या बेचक्या पुसून दिल्या. "हा जपायचा, काकू," ती म्हणाली. कोकिळा हो म्हणाली. ती आता सगळ्याला हो म्हणत होती. जेवा म्हटलं की जेवत होती, झोपा म्हटलं की झोपत होती.

दसऱ्याच्या आसपास घरी सोडायची वेळ आली तेव्हा योगेंद्र पलंगाच्या कडेवर बसला. त्याला बोलायला जड जात होतं. "आई, दोघांना एकदम माझ्याकडे नाही नेता येणार. दोन खोल्या आहेत, तुझी सून पण नोकरीवर जाते. तुला नेतो. पप्पा आत्याकडे राहू देत. नंतर बघू."

तो वाद होईल म्हणून तयारीनं आला होता. कोकिळा म्हणाली, "बरं."

नाशिकला जाताना वाटेत कापडण्याला थांबले. सर ओसरीवर खाटेवर होते. दाढी वाढली होती. उजव्या हाताची मूठ पुन्हा पक्की मिटली होती, पाऊल आत वळून आखडलं होतं. काठी कोपऱ्यात उभी होती आणि तिच्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. तानुबाईचे स्वतःचे गुडघे गेलेले, त्यात कपाशी वेचायचे दिवस. कोकिळाची नजर मुठीवर गेलेली तिनं पाहिली.

"मी जितलं हुईनं तितलं करं, कोकिळा."

"माहीत शे अक्का."

योगेंद्रनं चाकाची खुर्ची खाटेला लावली. सरांनी तिच्या लुगड्याखालच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्यांचा तो शब्दही गेला होता. तानुबाई म्हणाली की कापडण्याला आल्यापासून त्यांनी तोंड उघडलेलं नाही. कोकिळानं त्यांची मिटलेली मूठ हातात घेतली आणि सवयीनं अंगठा उघडायला गेली. तो उघडला नाही. तिनं जोर लावला नाही. मूठ नुसती हातात धरून ती बसली.

"मला माफ करा म्हणायला आले," ती हळूच म्हणाली. सरांनी डावा हात उचलून तिच्या केसांवर ठेवला. तो हात तिथं थोडा वेळ राहिला आणि मग आपल्याच वजनानं खाली घसरला. त्यांना झोप येत होती. तानुबाईनं त्यांना आडवं केलं, पांघरूण घातलं, आणि कोकिळानं मदतीसाठी पुढे केलेला हात हळूच मागे सारला. "ऱ्हाऊ दे. तू आते तुनं दख."

मालेगावच्या अलीकडेच कोकिळाला गाडीत झोप लागली. ती साधी डुलकी नव्हती. जवळजवळ वर्षभरात आली नव्हती अशी गाढ, काळी झोप होती ती. चांदवडजवळ योगेंद्रनं गाडी थांबवली तेव्हा ती जागी झाली, आणि आपण कुठं आहोत हे तिला पटकन कळलं नाही. अंग सैल पडलं होतं. डोळ्यांतली ती कायमची आग गेली होती. खिडकीतून वारं येत होतं आणि तिला फार बरं वाटत होतं.

"बिनसाखरेचा चहा सांगू?" योगेंद्रनं विचारलं.

"सांग."

तिनं तो सावकाश, फुंकून फुंकून प्यायला. कप रिकामा होत आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की उन्हं उतरली आहेत, ही सरांच्या संध्याकाळच्या फेरीची वेळ. कापडण्याहून निघाल्यापासून त्यांची आठवण तिला आता पहिल्यांदा आली होती. ती कप हातात धरून बसून राहिली. योगेंद्रनं काच वर केली, गाडी सुरू केली.

"आई, झोप अजून," तो म्हणाला. "लांब आहे."

तिनं डोळे मिटले. आणि झोप आलीच.